देवाचे भय: लपायला लावणारे आणि जवळ आणणारे

बायबल वाचायला घेतले की एक गोष्ट लवकरच खटकते. देवाचे भय बाळगा, असे हा ग्रंथ पुन्हापुन्हा सांगतो आणि घाबरू नका, असेही वारंवार बजावतो. निर्गमच्या विसाव्या अध्यायात तर दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. सीनाय डोंगरावर गडगडाट चालू आहे, धूर उठतो आहे, लोक भेदरून लांब उभे आहेत. मोशे त्यांना धीर देतो. देव तुमची पारख करायला आला आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण त्याचे भय मनात राहिले तर तुम्ही पापापासून दूर राहाल, असे तो सांगतो. मत्तयच्या दहाव्या अध्यायात येशूही हेच करतो. देहाला मारणाऱ्यांची भीती सोडा, देह आणि आत्मा दोन्ही ज्याच्या हाती आहेत त्याचे भय धरा, असे तो शिष्यांना सांगतो. लगेच पुढे चिमण्यांचा दाखला देऊन पुन्हा त्यांची भीती घालवतो.

म्हणजे इथे भये दोन आहेत. एक सोडायचे आहे, दुसरे शिकायचे आहे. ती वेगळी कशी ओळखायची, यावर ख्रिस्ती परंपरेत पहिल्या शतकांपासून विचार झाला आहे. त्या विचारातून आणि बायबलमधल्या कथांतून एक साधी कसोटी निघते. भय किती वाटते, यापेक्षा ते माणसाला कुठे नेते आणि दुसऱ्याशी कसे वागायला लावते, हे पाहायचे.

झाडांमागचा आदाम

बायबलमध्ये माणूस पहिल्यांदा घाबरतो तो उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात. मना केलेले फळ खाऊन झाल्यावर आदाम आणि हव्वा बागेतल्या झाडांमागे लपतात. देवाने अजून शिक्षा सुनावलेली नाही, तो फक्त हाक मारतो. आदाम उत्तर देतो की आवाज ऐकला, भीती वाटली आणि लपलो. या भीतीचे हेच लक्षण आहे. ती माणसाला देवापासून लांब नेते आणि तोंड लपवायला लावते.

येशूच्या एका दाखल्यात हीच भीती वेगळ्या रूपात दिसते. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांवर आपले पैसे सोपवतो. दोघे त्यावर व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा ती जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जशीच्या तशी आणून देतो. तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होते म्हणून मी भ्यालो, असा त्याचा खुलासा असतो. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टीही केली नाही. तरी दाखल्यात दोषी ठरतो तो हाच. धन्याविषयीच्या कल्पनेने त्याचे हात बांधून टाकले होते. चुकायला नको म्हणून चांगलेही न करणारी ही भीती बाहेरून धार्मिकतेसारखी दिसते, म्हणून ती ओळखायला अवघड जाते.

जिथे साक्षीदार नसतो

जे भय शिकायचे आहे, ते बायबलमध्ये कुठे भेटते? देवळात आणि यज्ञवेदीपाशी भेटेल अशी आपली अपेक्षा असते. लेवीय या नियमांच्या पुस्तकात मात्र ते रोजच्या व्यवहारात दिसते. त्याच्या १९व्या आणि २५व्या अध्यायांत मिळून पाच नियमांना देवाच्या भयाची आठवण जोडली आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहावे, जमिनीच्या खरेदी-विक्रीत कोणाला लुबाडू नये, हलाखीत आलेल्या भाऊबंदाकडून व्याज घेऊ नये आणि गरिबीपायी चाकरीला आलेल्याला निर्दयपणे राबवू नये.

या पाचही ठिकाणी समोरचा माणूस उलटून काही करू शकत नाही. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला अडथळा कोणी ठेवला ते दिसत नाही. कर्जात बुडालेला फिर्याद नेणार कुठे आणि ऐकणार कोण? जिथे कायद्याचा हात पोचत नाही आणि लोकलाज उपयोगी पडत नाही, तिथे हे भय पहारा देते.

कथांमध्येही असेच आहे. इजिप्तच्या फारोने इब्री बायकांना झालेले मुलगे जन्मतःच मारून टाकायचा हुकूम शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींना दिला. त्यांनी तो मानला नाही, कारण त्यांना देवाचे भय होते. निर्गमच्या पहिल्या अध्यायाने या दोघींची नावे जपून ठेवली आहेत. फारोचे नाव मात्र त्या पुस्तकात कुठेच नाही.

योसेफ इजिप्तचा अधिकारी झाल्यावर ज्यांनी त्याला विकले तेच भाऊ धान्य मागायला येतात आणि त्याला ओळखत नाहीत. सूड घ्यायला याहून चांगली संधी नव्हती. तो त्यांना तीन दिवस कोठडीत ठेवतो, पण शेवटी एकाला मागे ठेवून बाकीच्यांना धान्य देऊन पाठवतो. आपल्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा, याचे कारण तो एकच देतो: आपण देवाचे भय बाळगणारे आहोत.

अब्राहामाची गोष्ट उलट्या बाजूने बोलते. गरार या परक्या मुलखात तो बायकोला बहीण म्हणवतो. इथे देवाचे भय नसणार, तेव्हा बायकोपायी आपला जीव जाईल, असा त्याचा अंदाज असतो. परक्या माणसासाठी एखाद्या गावात देवाचे भय आहे की नाही, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. पण अंदाज चुकतो. अबीमलेख हा परका राजा सरळपणे वागतो आणि खोटे बोललेल्या अब्राहामाला त्याच्यापुढे सफाई द्यावी लागते. देवाचे भय आपल्याच लोकांची मिरास आहे, हा समज बायबल असा आपल्या थोर पूर्वजाच्या तोंडावरच मोडते.

इ.स.पू. पाचव्या शतकात पर्शियाच्या राजाने नहेम्याला यहूदाचा सुभेदार नेमले. आधीचे सुभेदार प्रजेकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी वसूल करत. नहेम्याने बारा वर्षे सुभेदाराचा हक्काचा शिधाही घेतला नाही. लोकांवर आधीच बोजा होता आणि देवाच्या भयामुळे आपल्याकडून ते झाले नाही, असे तो नोंदवतो. अनुवादच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम आहे की त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतः लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी, म्हणजे तो देवाचे भय शिकेल आणि आपल्या भावांपेक्षा स्वतःला मोठा समजणार नाही. सत्ता जितकी जास्त, तितकी या भयाची गरज जास्त, असा याचा अर्थ होतो. लूकच्या १८व्या अध्यायातला न्यायाधीश हे त्याचे उलटे चित्र आहे. त्याला ना देवाचे भय ना माणसाची पर्वा, आणि एक विधवा न्यायासाठी त्याच्या दारी खेटे घालते आहे.

भय की सौदा?

इथे एक शंका येते. जो देवाला भितो त्याला देव सुखात ठेवतो, असे असेल तर हा सौदाच झाला. ही शंका बायबलनेच सैतानाच्या तोंडी घातली आहे. ईयोब सज्जन आणि देवाचे भय बाळगणारा आहे, असे देव म्हणतो. त्यावर सैतान विचारतो की तो हे फुकट करतो काय? गुरेढोरे, मुलेबाळे, घरदार सगळे देऊन ठेवल्यावर कोण भिणार नाही?

मग ईयोबाचे सगळे जाते. त्याचे मित्र त्याला समजावतात की दुःख आले म्हणजे पाप असणारच, तेव्हा कबूल कर आणि मोकळा हो. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, जाब विचारतो, पण देवाकडे पाठ फिरवत नाही. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोब आपल्याविषयी योग्य बोलला, असा निर्वाळा तो देतो. देवाचे भय म्हणजे मान खाली घालून सगळे निमूट सोसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. त्या भयात जाब विचारण्याला जागा आहे. आणि संकट टळावे म्हणून केलेला हिशेब त्यात बसत नाही.

वादळ शमल्यावर

स्तोत्रसंहितेतल्या १३०व्या स्तोत्राचा कवी एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. देवापाशी क्षमा आहे आणि त्यामुळे त्याचे भय वाटते, असा त्याचा भाव आहे. आपल्या हिशेबाने क्षमा मिळाली की भीती संपायला हवी. इथे क्षमेतूनच भय उगवते.

मार्कच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग यावर प्रकाश टाकतो. गालील सरोवरात वादळ उठते, होडीत पाणी भरते आणि शिष्य घाबरून झोपलेल्या येशूला उठवतात. तो वाऱ्याला दटावतो आणि सगळे शांत होते. आता शिष्यांनी हुश्श म्हणायला हवे. पण मार्क सांगतो की त्यांना फार मोठे भय वाटले आणि हा आहे तरी कोण, असे ते एकमेकांना विचारू लागले. धोका टळल्यावरच हे दुसरे भय सुरू झाले. लूकच्या पाचव्या अध्यायात रात्रभर रिकामी राहिलेली जाळी माशांनी फाटायला लागतात, तेव्हा पेत्र येशूच्या पाया पडतो आणि आपण पापी आहोत, आपल्यापासून दूर जा, अशी विनवणी करतो. यशया मंदिरात देवाचे दर्शन होताच आपण संपलो असे म्हणतो. पण या दोघांनाही हाकलले जात नाही. यशयाच्या ओठांना निखारा लागतो आणि तो शुद्ध होतो. पेत्राला येशू सोबत घेतो. दोघेही त्या क्षणानंतर कामाला लागतात.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘दास हायलिगे’ या ग्रंथात या अनुभवाचा अभ्यास केला. पवित्रापुढे माणूस थरकापतो आणि त्याच वेळी त्याकडे ओढला जातो, हे त्यांचे म्हणणे पुढे जगभर गाजले. असा अनुभव एकाच धर्माची मालमत्ता नाही, हे दाखवताना त्यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपदर्शनाचा आधार घेतला. अर्जुनाचे कापणे ज्ञानेश्वरीतून ओळखीचे असलेल्या मराठी वाचकाला पेत्राचे पाया पडणे म्हणूनच परके वाटायचे कारण नाही.

प्रेम भय घालवते, मग उरते काय?

योहानाच्या पहिल्या पत्रात असे सांगितले आहे की पूर्ण प्रेम भयाला बाहेर घालवते, कारण भयाचा संबंध शिक्षेशी असतो. उलट १९व्या स्तोत्रात परमेश्वराचे भय निर्मळ आणि कायम टिकणारे म्हटले आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा?

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी योहानाच्या पत्रावरील प्रवचनांत दोन बायकांचे उदाहरण दिले. एकीचे मन दुसरीकडे आहे आणि नवरा अचानक घरी येईल म्हणून ती भिते. दुसरीचे नवऱ्यावर प्रेम आहे आणि तो आपल्याला सोडून जाईल म्हणून ती भिते. विचारले तर दोघीही नवऱ्याला भितो असेच सांगतील. पहिलीचे भय प्रेम वाढले की जाईल. दुसरीचे भय प्रेमातूनच आलेले आहे, त्यामुळे ते टिकेल.

पूर्वेकडे संत बासिल यांनी आणि पश्चिमेकडे जॉन कॅसियन यांनी हीच वाट तीन टप्प्यांत मांडली. गुलाम शिक्षेच्या धाकाने आज्ञा पाळतो, मजूर मोबदल्यासाठी पाळतो आणि मुलगा बापावरच्या प्रेमापोटी पाळतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी देवाचे भय डोळ्यांपुढे ठेवण्याची आणि बारावी चढून गेल्यावर माणूस भय घालवणाऱ्या प्रेमापाशी पोचतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी भयाचे चार प्रकार केले: जगाच्या भीतीने देवाला सोडायला लावणारे, शिक्षेच्या धाकाचे, दोहोंचे मिश्रण असलेले नवशिक्याचे आणि मुलाला बापाविषयी वाटावे तसे. यातले शेवटचे स्वर्गातही राहील, असे ते म्हणतात. तिथे शिक्षेचा प्रश्नच नसतो. देव देव आहे आणि आपण त्याची निर्मिती आहोत, ही जाणीव मात्र संपत नाही.

आणखी एक बाब हे म्हणणे पक्के करते. यशयाच्या अकराव्या अध्यायात येणाऱ्या अभिषिक्तावर परमेश्वराच्या भयाचा आत्मा राहील आणि त्याला त्या भयात आनंद वाटेल, असे भाकीत आहे. ख्रिस्ती लोक ते येशूविषयी मानतात. ज्याला पापच नाही त्याला शिक्षेची धास्ती कशी असेल? येशूपाशीही जे भय आहे, त्याचे मूळ शिक्षेत असू शकत नाही.

नरकाच्या धास्तीचा वाद

मग केवळ नरकाच्या भीतीने पाप सोडणाऱ्याचे काय? यावर युरोपात मोठा वाद झाला. धर्मसुधारक मार्टिन लूथर यांना हे भय आतून माहीत होते. जुलै १५०५ मध्ये वादळात वीज जवळच पडली तेव्हा जीव वाचला तर मठात जाईन, असे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. मठातली वर्षे त्यांनी देवाच्या रागाच्या ओझ्याखाली काढली. पुढे त्यांनी लिहिले की नुसत्या शिक्षेच्या धाकाने केलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी बनवतो. पण भय शब्द त्यांनी टाकला नाही. १५२९च्या त्यांच्या छोट्या प्रश्नोत्तरीत दहाही आज्ञांचा खुलासा देवाचे भय आणि देवावरचे प्रेम या जोडीने सुरू होतो.

१५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने वेगळी बाजू घेतली. नरकाच्या भीतीतून आलेला पश्चात्ताप अपुरा असतो, तरी त्यासोबत पाप सोडण्याची इच्छा आणि क्षमेची आशा असेल तर तोही देवाचीच देणगी आहे आणि तो माणसाला क्षमेच्या संस्कारासाठी तयार करते, असे तिने ठरवले. धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांचे म्हणणे असे होते की भक्त माणूस नरक नसता तरी देवाला दुखवायला कचरला असता.

८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या एनफील्ड गावी जोनाथन एडवर्ड्स यांनी देवाच्या कोपाविषयी दिलेले प्रवचन आजही धाक घालणाऱ्या प्रवचनांचा नमुना मानले जाते. ऐकणारे इतके आक्रोश करू लागले की एडवर्ड्स यांना मधेच थांबावे लागले. याच एडवर्ड्स यांनी १७४६ मध्ये धार्मिक भावनांवर ग्रंथ लिहिला तेव्हा मात्र भावना कितीही तीव्र असली तरी ती खऱ्या श्रद्धेचा पुरावा ठरत नाही, असे स्पष्ट केले. खऱ्या श्रद्धेची बारा लक्षणे सांगताना त्यांनी शेवटचे आणि मुख्य लक्षण म्हणून आचरणाकडे बोट दाखवले.

माणसाच्या भीतीवर उतारा

देवाचे भय माणसाला दबवते, असा आक्षेप असतो. इतिहासात ते बऱ्याचदा उलटे काम करते. सुइणी फारोला भ्याल्या नाहीत, कारण त्यांचे भय दुसरीकडे होते. मत्तयच्या दहाव्या अध्यायातले येशूचे शब्दही छळाला सामोरे जाणाऱ्या शिष्यांसाठी आहेत. जर्मन पाळक डीट्रिख बोन्हॉफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात याच उताऱ्यावर भाष्य करताना म्हटले की माणसांचे भय आणि देवाचे भय एकत्र नांदत नाहीत. एक आले की दुसरे जाते. त्याच वर्षी त्यांचे पाळक-प्रशिक्षण केंद्र नाझी राजवटीच्या गेस्टापो या गुप्त पोलीस दलाने बंद पाडले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

उपासनेत या भयाची जागा

कॅथलिक परंपरेत परमेश्वराचे भय हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक आहे. दृढीकरण संस्काराच्या तयारीत मुले ही दाने शिकतात: सुज्ञता, आकलन, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि परमेश्वराचे भय. दान म्हणजे मिळालेली गोष्ट. ती धाकाने आत उतरवता येत नाही. संत जॉन क्रिसोस्टम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑर्थोडॉक्स उपासनेत ख्रिस्तप्रसादासाठी भाविकांना बोलावले जाते ते भय, विश्वास आणि प्रेम घेऊन जवळ येण्यासाठी. तिन्ही एकाच हाकेत येतात आणि ती हाक जवळ बोलावणारी असते.

११ जून २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच दानावर उपदेश केला. देवाला घाबरणे असा याचा अर्थ नाही, आपण देवापुढे लहान आहोत आणि त्याचे आपल्यावर प्रेम आहे हे ओळखणे म्हणजे हे भय, असे त्यांनी सांगितले. पण हे दान धोक्याची सूचनाही देते, असे सांगून त्यांनी भ्रष्ट अधिकारी, माणसांचा व्यापार करणारे आणि युद्धासाठी शस्त्रे बनवणारे यांचा उल्लेख केला.

धाक दाखवणारे कोण?

हे भय धर्माच्या नावाने वापरलेही गेले आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांनी भीत-कापत धन्याची आज्ञा पाळावी, असा उपदेश आहे. अमेरिकेतल्या गुलाममालकांनी तो वर्षानुवर्षे वापरला. चारच ओळींनंतर धन्यांना सांगितले आहे की धमकावणे सोडा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे आणि तो पक्षपात करत नाही. तो भाग ऐकवायचे त्यांनी टाळले. पोरांना, सुनांना, प्रश्न विचारणाऱ्या तरुणांना गप्प बसवण्यासाठी देवाचे नाव घेतले जाते, तेव्हा याच गैरवापराची छोटी आवृत्ती घडते. येशूचे सर्वांत कडक शब्द मत्तयच्या २३व्या अध्यायात आहेत. ते लोकांच्या खांद्यांवर जड ओझी ठेवून स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मपुढाऱ्यांसाठी आहेत.

म्हणून कोणी देवभीरू आहे का, हे त्याच्या प्रार्थनेच्या लांबीवरून किंवा पापाविषयी तो किती बोलतो यावरून ठरत नाही. लेवीयचा १९वा अध्याय पाहण्याच्या जागा दाखवून देतो: मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसावर जाते का, माप खरे आहे का, म्हाताऱ्याला मान मिळतो का, परक्याला कसे वागवले जाते. ज्याच्या मनात हे भय खरोखर उतरले आहे, त्याच्या हाताखालच्या माणसाला त्याची भीती बाळगावी लागत नाही.